पंधरा रुपयांची तारामती

नाटकांच्या कपडेपटात माझी तीस वर्षं गेली. पुरुषाला नऊवारी नेसवली की मी एकच सांगतो, ‘कोपर अंगाशी ठेव.’ चेहरा रंगवता येतो, गंगावन लावता येतं. चुगली करतात ते दंड.

म्हणूनच अण्णा साळुंके मला आमच्यातले वाटतात. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. जाहिरात दिली, वेश्यावस्तीतही विचारलं, तिथूनही नकारच. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात राबणारा हा नाजूक चणीचा पोऱ्या त्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात पगार महिना 10 रुपये. फाळक्यांनी 15 कबूल केले आणि तारामती ठरली. सख्या झालेल्या बाप्यांचं वेगळंच. बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी, म्हणून ते अडून बसले!

3 मे 1913ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. आज उरलेल्या रिळांत हौदाचा प्रसंग आहे. राणी आणि सख्या पाण्यात खेळताहेत, लुगडी चिंब. आमच्या धंद्यात स्त्रीपार्टीचं लुगडं कुणी भिजू देणार नाही. अंगाला चिकटलं की सोंग संपलं. फाळक्यांनी झाडून सगळ्यांना भिजवलं.

त्याच साली बालगंधर्वांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. पण त्यांच्याकडे गळा होता. एक तान आली की प्रेक्षक बाकीचं विसरायचा. मूकपटात साळुंक्यांना ना सूर, ना संवाद. जे करायचं ते मानेनं, पदरानं. स्त्रीपार्टीची एवढी कठीण परीक्षा रंगभूमीनं कधी घेतली नसेल.

खरं तर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. तरीही 1917च्या ‘लंकादहन’मध्ये सीता साळुंकेच, आणि रामही तेच! म्हणजे रावणानं जिला पळवली, तिला शोधत रानोमाळ फिरणाराही तोच. राम पडद्यावर आला की लोक पायातलं काढून ठेवत. सीतेचे पीळदार दंड दिसत होते, पण त्यानं गर्दी हटली नाही. कपडेपटवाल्यानं लांब बाह्यांची चोळी का दिली नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

पुढे साळुंके कॅमेऱ्यामागे गेले. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवावा लागे, तोही एका लयीत. तिथं ते दंड कामी आले असणार.