प्रत आहे, पण प्रमाण काय?

‘तुमच्या फायलींचा बॅकअप आहे का?’ असं विचारलं की आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतात, ‘आहे ना, आपोआप होतो.’ आज आपण एकच प्रश्न घेऊ. तो आहे, हे आपल्याला कशावरून कळलं?

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान आज बाजूला ठेवू. पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण झाला’ असं वाक्य येतं, ते शब्द. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो म्हणून काहीतरी उतरतंय असं आपण धरतो, ते अनुमान. आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून वाचून पाहणं, ते प्रत्यक्ष. आपण पहिल्या दोहोंवरच थांबतो. पण शब्द प्रमाण ठरायला सांगणारा आप्त लागतो, म्हणजे विषय पूर्ण जाणणारा आणि खरं सांगणारा. यंत्र खोटं बोलत नाही. पण नातवाचे फोटो आपण नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर असतील, तर ते त्याला ठाऊकच नसतं.

‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाचं उदाहरण घ्या. 1998 साली पिक्सारमध्ये चुकीने दिलेल्या एका आज्ञेने त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती, हे गरज पडली तेव्हा कळलं. काम वाचलं ते गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. म्हणजे तारलं कुणी? दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीने.

यातून नियम निघतो तो 3-2-1 चा: 3 प्रती, 2 प्रकारच्या साधनांवर, त्यातली 1 घराबाहेर. आता कुणी म्हणेल, ‘आमचे फोटो क्लाउडवर आहेत.’ चांगलंच आहे. पण फोन आणि क्लाउड जोडलेले असले की इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, मग कायमचा जातो. हा आरसा झाला, स्वतंत्र प्रत नव्हे. डिस्कही सतत जोडून ठेवू नये. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर लाखो कॉम्प्युटरांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असल्या प्रोग्रामला जोडलेली डिस्कही सापडते. आणि बघा, ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं! तेव्हा ‘नंतर करू’ म्हणून अपडेट टाळू नये.

हीच कसोटी फोनवरही लावू. ‘बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा.’ हा नुसता शब्द झाला. बोलणारा आप्त आहे कशावरून? फोन ठेवावा, कार्डामागे छापलेला नंबर आपण स्वतः लावावा. आणि ओटीपी बँकेलाही सांगायचा नसतो. पैसे गेलेच, तर लाजत बसू नये. ताबडतोब 1930 वर कळवावं. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर. ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी, आणि फोन हरवला तर आपणच बाहेर राहू नये म्हणून मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करू या. पेन्शनचा कागद, आईचा जुना फोटो, अशी गेली तर परत न मिळणारी एक फाइल निवडू. तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघू. उघडली, तर आपल्याकडे बॅकअप आहे. नाही उघडली, तरी बरंच झालं; मूळ फाइल अजून जाग्यावर आहे.