संगणकाचा ताप व त्यावरील उतारा

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील उष्णतेचे प्रकरण पुष्कळ विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. वस्तुतः त्यातील प्रत्येक नियम आपल्या स्वयंपाकघरात, शिवारातील गुऱ्हाळात आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरात रोज काम करीत असतो. ज्या घरी टेबलावरील संगणक आहे, तेथे तो त्या पेटीच्या पोटातही राबत असतो. एप्रिल-मे महिन्यांत जयसिंगपुरात पारा चाळीसच्या घरात जाऊ लागला म्हणजे पालक आम्हांस विचारतात, "सर, घरचा संगणक अलीकडे फार घोंगावतो, तापतो आणि मंदही चालतो. तो मोडीत काढून नवा घ्यावा काय?" या प्रश्नात तीस-चाळीस हजार रुपयांचा खर्च गुंतलेला असतो, आणि ज्या घरी तेवढे पैसे नसतात तेथे मुलाचा अभ्यासच अडून बसतो. म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

उत्तर थोडक्यात असे की, पुष्कळदा यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याच्या उष्णतेस बाहेर पडावयाची वाट मात्र अरुंद झालेली असते. आपले गाव राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वसविले व त्यास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. येथील रस्ते आरंभीच सरळ व रुंद आखले गेले, म्हणून पेठेत माल भरलेल्या गाड्या न खोळंबता जाऊ शकल्या. गाडीवानांनी कितीही आरडाओरडा केला तरी अरुंद बोळातून गाड्या वेगाने जात नाहीत. संगणकाचेही तसेच आहे. वाट अरुंद असली की पंखा ओरडतो. वाट रुंद केली की तो आपोआप गप्प बसतो.

आता ही उष्णता येते कोठून, ते पाहू. संगणकाच्या प्रोसेसरने घेतलेली वीज अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ या पहिल्या लहानशा प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्यास पंख्याची गरजच नव्हती. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता १५ वॉटच्या आसपास गेली आणि त्याच्या डोक्यावर पंखा आला. २००४ पर्यंत पेंटियम ४ जातीच्या काही प्रोसेसरांनी १०० वॉटचीही मर्यादा ओलांडली. आज घरगुती संगणकातील पुष्कळ प्रोसेसरांवर ६५ वॉट हा आकडा असतो, आणि कामाचा जोर वाढला असता ते काही काळ त्याहूनही अधिक वीज घेतात. ६० वॉटच्या जुन्या दिव्यास हात लावून ज्याने बोट पोळून घेतले असेल, त्याने विचार करावा की, तेवढीच उष्णता येथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडावयाची असते!

ही अडचण आजची नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि अशी प्रत्येक नळी आतील तार तापल्यावाचून चालतच नाही. पुण्यास १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. पुढे २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानातून पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' उभा राहिला. त्यात तर प्रोसेसरांची उष्णता वाहत्या द्रवाच्या साह्याने बाहेर नेली जाते. लहान यंत्र असो वा मोठे, गणित करणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या गणिताची उष्णता दूर नेणेही महत्त्वाचे होय.

ती दूर गेली नाही तर काय होते? प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजीत असतो. ते ठरलेल्या मर्यादेस पोहोचले, म्हणजे बहुधा ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेले, की तो स्वतःच्या रक्षणार्थ आपली गती कमी करतो. तरीही ताप न उतरल्यास यंत्र बंद पडते. पालकांस जो मंदपणा म्हातारपणाचा वाटतो, तो अनेकदा या आत्मरक्षणाचा असतो.

प्रोसेसरवर बसविलेल्या उपकरणास बाजारात 'कूलर' म्हणतात. उन्हाळ्यात खोलीत लावतात त्या कूलरशी त्याचा संबंध नाही. यात पाणी घालावयाचे नसते व तो खोलीतील हवेपेक्षा काही थंड करू शकत नाही. त्याचे काम एवढेच की, उष्णता धातूतून घ्यावी, पसरावी आणि हवेच्या स्वाधीन करावी. या प्रवासाचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा प्रोसेसर व कूलर यांच्या सांध्याचा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांस गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतो व त्या फटींत हवा कोंडून राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले उष्णतावाहक आहे. अर्थात कोंडलेली हवा म्हणजे मध्ये पसरलेली गोधडीच. ही हवा हुसकून तिची जागा भरण्यासाठी 'थर्मल पेस्ट' नावाचा लेप लावतात. काही वर्षांनी हा लेप सुकतो व सांधा पुन्हा बिघडतो.

दुसरा टप्पा उष्णता पसरविण्याचा. चहा लवकर निववावयाचा असेल तर आपण तो बशीत ओततो. गुऱ्हाळात काहिलीतील उकळता पाक पसरट वाफ्यात ओततात तोही याचसाठी. पृष्ठभाग वाढला की हवेशी गाठ वाढते. कूलरच्या पातळ पत्र्यांची रांग म्हणजे अनेक बश्या एकावर एक रचल्यासारखीच होय. परंतु दूरच्या पत्र्यापर्यंत उष्णता पोहोचावी कशी? चांगल्या कूलरमध्ये त्यासाठी तांब्याच्या बंद नळ्या असतात. नळीतील हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते अल्प तापमानातच उकळते, वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून ते झिरपत खाली परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. माठातील पाणी ज्या गुणाने गार होते, तोच हा गुण. फरक इतकाच की, येथे पाणी उडून न जाता फेऱ्या घालीत राहते. या युक्तीचे पेटंट अमेरिकेत १९४४ साली गॉग्लर यांस मिळाले व १९६३ साली लॉस अलामॉस येथील ग्रोव्हर यांनी ती प्रत्यक्षात पुढे आणली.

तिसरा टप्पा वाऱ्याचा, आणि आवाजाचे मूळ येथेच आहे. त्याच पंख्याची गती निम्मी केली असता वारा निम्मा होतो. परंतु त्यास लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानास आवाज जवळजवळ निम्मा भासतो. म्हणजे वाऱ्यात थोडा तोटा, पण शांततेत मोठा नफा. आता ८० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. तो सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतो. लहान पंख्याने धापा टाकीत करावयाचे काम मोठा पंखा चालता-चालता करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, साधा कूलर पूर्ण वेगाने फिरूनही प्रोसेसरचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी चढते. डिसेंबरात पेटीतील हवा २५ अंश असली तर प्रोसेसर ७० अंशांवर राहील. काही बिघडत नाही. मे महिन्यात खोली ४० अंश व पेटीतील हवा ४५ अंश झाली, की तोच प्रोसेसर ९० अंशांवर जाईल. चांगल्या कूलरने हा चढ २५ अंशांवर आणला, तर त्याच दुपारी तो ७० अंशांवर राहील आणि पंख्यासही धावावे लागणार नाही. हिवाळ्यात निमूट चालणारे यंत्र उन्हाळ्यातच का रुसते, हे यावरून ध्यानात येईल.

मग करावे काय? आमचे सांगणे असे की, एकदम दुकानात धावू नये. प्रथम संगणकाचे तापमान दाखविणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमच्या साह्याने, ठराविक काम अर्धा तास करवून, प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवावे, खोलीचेही लिहावे. नंतर यंत्राची वीज तोडून पेटी उघडावी व मऊ कुंचल्याने कूलरच्या पत्र्यांतील धूळ काढावी. ती काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. पुन्हा मोजावे. पुष्कळ घरांत येथेच काम भागेल व एक पैही लागणार नाही. भागले नाही तर पेस्ट बदलावी व पुन्हा मोजावे. त्यानेही न भागल्यास, आणि तेव्हाच, नवा कूलर घ्यावा. बरासा कूलर दीड ते तीन हजार रुपयांत मिळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते निश्चित कळते. प्रयोगशाळेत आम्ही जे शिकवितो, ते याहून निराळे नाही.

कूलर घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. मदरबोर्डावरील प्रोसेसरच्या खाचेचे नाव कूलरच्या खोक्यावर छापलेले असले पाहिजे. पेटीची रुंदी मोजावी, कारण १२० मिलिमीटरच्या पंख्याचे उभे कूलर दीडशे मिलिमीटरहून उंच असू शकतात व मग झाकण बसत नाही. शेजारच्या रॅमच्या पट्ट्यांस पंखा अडतो काय, तेही पाहावे.

बसविण्याचे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे. काही प्रोसेसरांच्या पोटाशी बारीक पिना असतात. सुकलेल्या पेस्टमुळे असा प्रोसेसर कूलरबरोबरच उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटे यंत्र चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी. मग वीज बंद करून प्लग काढावा, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी, आणि कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवून अलगद सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नवी पेस्ट मध्यभागी हरभऱ्याच्या डाळीएवढीच ठेवावी. ती फटी भरण्यापुरती हवी, तिचा थर जाड झाला तर तीच आडवी येते. नव्या कूलरच्या तळाशी चिकटविलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावयास विसरू नये. स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे, आळीपाळीने आवळावेत. वारा पेटीच्या मागील जाळीकडे जाईल अशा रीतीने पंखा बसवावा व त्याची तार मदरबोर्डावरील प्रोसेसर-पंख्याच्याच जागी जोडावी. तरच तापमानाप्रमाणे त्याची गती कमी-अधिक होईल.

कोणी म्हणेल, थोड्याशा आवाजासाठी एवढा खटाटोप कशास? त्यांनी शाळेच्या संगणक वर्गाचा विचार करावा. एका यंत्राचा आवाज शिक्षकांपाशी ३० डेसिबल येत असेल, तर तशा वीस यंत्रांचा मिळून सुमारे ४३ डेसिबल होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविलेली वर्गातील पार्श्वध्वनीची मर्यादा ३५ डेसिबल आहे. मागील बाकावरच्या ज्या मुलास कमी ऐकू येते, किंवा जो संकोचाने पुन्हा विचारीत नाही, त्याचा धडा या आठ डेसिबलांत बुडतो. प्रत्येक यंत्राचा आवाज दहा डेसिबलने उतरविला, तर एकूण आवाज ३३ वर येतो व शिक्षकांचे शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. घरीही, जेथे एकाच खोलीत मुलगी अभ्यास करते आणि आजारी आजी झोपते, तेथे शांत यंत्र ही चैन नव्हे.

येथे एक मर्यादा सांगणे इष्ट आहे. ज्या संगणकाचे तापमान मुळातच बेताचे असून तो मंद चालतो, त्याचा रोग निराळा आहे; त्यास कूलर बदलून गुण येणार नाही. लॅपटॉपची रचनाही वेगळी असल्याने वरील रीत त्यास लागू नाही. म्हणूनच आधी मोजावे, असा आमचा आग्रह आहे.

आपल्या हाती आलेल्या वस्तूंचे आपण धनी नसून कारभारी आहोत, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. आणि चांगला कारभारी वस्तू टाकण्यापूर्वी तिला काय झाले आहे, हे पाहतो. येत्या मे महिन्याच्या सुटीत ज्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक असेल त्यांनी सफाईपूर्वीचे व नंतरचे, असे तापमानाचे एक कोष्टक तयार करावे, त्यात खोलीचे तापमानही लिहावे आणि जूनमध्ये शाळा उघडताच विज्ञानाच्या तासास आणावे. सर्वांची कोष्टके फळ्यावर मांडून आपण पाहू की, जयसिंगपूरच्या उन्हाळ्यात कोणाच्या यंत्राचा ताप किती अंशांनी उतरला.