निरगाठ आणि सुरगाठ

श्रोतेहो, सुईत दोरा ओवल्यावर आपण त्याच्या शेवटाला गाठ मारतो. दोऱ्याचा वेढा करावयाचा, त्यातून टोक काढावयाचे आणि ओढावयाचे, एवढीच ती क्रिया. ही गाठ टिकते ती केवळ घर्षणामुळे. ओढ वाढेल तसे वेढे एकमेकांवर अधिकच आवळतात. बहुतेक गाठींचा पाया हाच.

या साध्या गाठीची खरी परीक्षा मात्र गोठ्यात होते. बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरातील येळ्ळूर हे भातशेतीचे गाव. अशा गावांतून मळणी आटोपली की गवताच्या गंजी उभ्या राहतात आणि पुष्कळदा गोठाही जवळच असतो. गंजीवर एखादी ठिणगी पडली, तर जनावरे सोडविण्यास फार थोडा अवधी मिळतो. त्या वेळी दाव्याला कोणती गाठ आहे, यावर मुक्या प्राण्याचा जीव अवलंबून असतो.

जनावर बांधताना गाठ दोन ठिकाणी येते. गळ्यातील गाठ मुळीच सरकता कामा नये. तेथे सरकता फास घातला, तर जनावर हिसके देईल तसा तो आवळत जाऊन श्वास कोंडेल. म्हणून दाव्याच्या एका टोकाला गाठीचा गुंडा आणि दुसऱ्या टोकाला डोळा ठेवतात. गुंडा डोळ्यात अडकविला की गळ्याभोवतीचे कडे आहे तेवढेच राहते.

खुंट्यावरील गाठ याच्या उलट हवी. तेथे निरगाठ मारली, तर रात्रभराच्या ओढीने ती अशी आवळते की अंधारात, घाबऱ्या हातांनी सुटत नाही. तेथे सुरगाठच योग्य. दोरी खुंट्याभोवती फिरवून साधी गाठ मारावयाची. परंतु टोक सबंध बाहेर न काढता त्याचा दुहेरी पदर तेवढा वेढ्यातून ओढावयाचा. जनावराच्या ओढीने ही गाठ घट्ट होते. मोकळे टोक आपण ओढले की एका झटक्यात सुटते.

घरातही हाच विवेक हवा. जखमेवरील पट्टी बांधताना पहिल्यांदा उजवा पदर डाव्यावरून नेला असेल, तर दुसऱ्यांदा डावीकडे आलेला तोच पदर उजवीकडच्या पदरावरून न्यावा. अशी गाठ सपाट बसते व टोचत नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूने वळविली, तर ती तिरपी बसते आणि सैल होऊन सरकू लागते.

आणखी एक गोष्ट. जेथे गाठ, तेथे दोरी दुबळी होते. साध्या गाठीने दोरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून विहिरीच्या दोराला अवचित पडलेली गाठ दिसताच सोडवावी. ओझ्याखाली दोर बहुधा तेथेच तुटतो.

तेव्हा श्रोतेहो, आज दिवेलागणीला गोठ्यात जाल तेव्हा खुंट्यावरील गाठ डोळे मिटून, एका हाताने सोडून पाहा. ती सहज सुटली नाही, तर आजच बदला.