एकराचा भाव ठरतो कुठे?

एकच शिवार, एकच काळी जमीन, मध्ये फक्त एक बांध. बांधाच्या अलीकडचे रान डांबरी रस्त्याला लागून आहे. पलीकडच्या रानात जायला शेजाऱ्याच्या शेतातून वाट काढावी लागते. दोन्हीकडे सोयाबीन सारखेच उतरते. विकायला काढले, की अलीकडच्या रानाला चार गिऱ्हाइके येतात आणि पलीकडचे बघायला बहुतेक वेळा शेजारीच येतो. दुसरे कोणी येणार नाही हे त्यालाही ठाऊक असते, त्यामुळे तो भाव पाडूनच मागतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. या अर्जाच्या पाठी कुटुंबे वर्षानुवर्षे का लागतात, हे वरचे उदाहरण पाहिले की समजते. ट्रॅक्टर आत जाणे ही निकड असतेच, पण तेवढ्या एका वाटेने रानाची किंमतही बदलते.

शेतजमिनीबद्दलचा सर्वात पक्का समज असा, की जमीन जितकी कसदार तितकी महाग. कोकणातले कातळ पाहिले तरी हा समज डळमळतो. जिथे गवतापलीकडे फारसे काही उगवत नाही, असा कातळ समुद्राजवळ किंवा महामार्गाजवळ असेल, तर मराठवाड्यातल्या आडवळणाच्या उत्तम काळ्या रानापेक्षा महाग जाऊ शकतो. एकराच्या भावात दोन किमती एकत्र मिसळलेल्या असतात. एक त्या मातीतून निघणाऱ्या उत्पन्नाची आणि दुसरी त्या जागेची. या दोन वेगळ्या करून पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे खंड. समजा, एखाद्या गावात एकराला २५ लाख रुपये चालले आहेत आणि तेच रान वर्षाला २५ हजारांच्या खंडाने जाते. म्हणजे जमीन आपल्या किमतीच्या जेमतेम १ टक्का मिळवते आहे. बँकेतली साधी मुदत ठेवही याहून कितीतरी जास्त देते. मग घेणारा उरलेले पैसे कशाचे मोजतो? उद्या तिथे काय होईल याचे.

हेच गणित अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मांडता येते, कारण तिथले राज्य विद्यापीठ १९४० च्या दशकापासून दरवर्षी शेतजमिनीच्या भावाची पाहणी करते. मका-सोयाबीनच्या त्या प्रदेशात २०२३ साली एकराचा सरासरी भाव ११,८३५ डॉलर होता आणि खंड २७९ डॉलर. म्हणजे साधारण २.४ टक्के. तिथेही भाव उत्पन्नाच्या पुढे धावतोच, पण दोघांमधले नाते निदान मोजून सांगता येते. आपल्याकडे ते कोणी सलगपणे मोजत नाही, आणि अफवेला जागा मिळते ती तिथेच.

मातीच्या बाजूने भाव ठरवणाऱ्या गोष्टींत पाण्याचा मान पहिला. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या काठाने उपसा करून करमाळा, इंदापूर, माढा या तालुक्यांतल्या जिरायत पट्ट्यात ऊस उभा राहिला आणि तिथल्या रानांची पत बदलली. मात्र ‘बागायत’ हा शब्द फसवाही असतो. सामाईक विहिरीतला पाळीचा हिस्सा, पाइपलाइन कोणाच्या गटातून येते आणि तिचा हक्क कोणाचा, हे खरेदीखतात लिहिलेले नसेल, तर बागायताचा भाव देऊन घेतलेले रान पहिल्या वादातच जिरायत होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पाणलोटाची कामे केली, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळली आणि विहिरींना पाणी आले. पाणी आले की बाहेरचा पैसा मागोमाग येतो, हे ओळखून गावाने बाहेरच्यांना जमीन न विकण्याचा निर्णय घेतला. स्वतःच्या श्रमाने वाढवलेली किंमत बाजारात न मोडण्याचा हा निर्धार फार मोलाचा आहे. त्याचे कौतुक पाण्याच्या कामाइतके होत नाही, ते व्हायला हवे.

दुसरा समज रेडी रेकनरचा. ‘सरकारी दर एवढा आहे म्हणजे जमिनीची किंमत तेवढीच’, असे विकणाराही म्हणतो आणि घेणाराही. प्रत्यक्षात हा तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. त्याहून कमी किमतीचा दस्त केला तरी शुल्क तक्त्याप्रमाणेच भरावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. खरा व्यवहार त्याच्या वर असू शकतो, क्वचित खालीही. पण वरची रक्कम रोखीत देऊन दस्तात सरकारी दरच लिहिण्याची सवय गावोगाव रुजली आहे, आणि तिची किंमत शेवटी शेतकरीच मोजतो.

ते असे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्यानुसार बाजारमूल्य ठरवताना एकीकडे सरकारी दर पाहतात आणि दुसरीकडे आसपासच्या तशाच जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले नोंदलेले व्यवहार. त्या व्यवहारांतले जास्त किमतीचे निम्मे निवडून त्यांची सरासरी काढतात आणि यांपैकी जी रक्कम जास्त ती धरतात. ग्रामीण भागात तिला १ ते २ च्या दरम्यानच्या गुणकाने गुणतात आणि वर तेवढेच दिलासा म्हणून देतात. म्हणजे दस्तात लपवलेला प्रत्येक रुपया उद्या धरणात किंवा रस्त्यात जमीन जाताना दुपटी-चौपटीने हातातून जातो, आणि तो फक्त लपवणाऱ्याचाच जात नाही. शेजाऱ्याची जमीनही त्याच सरासरीने मोजली जाते.

तिसरा समज, ‘रस्ता आला की भाव वाढलाच.’ समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच्यासाठी सरकारने थेट खरेदीने, दराच्या पाचपटीपर्यंत पैसे देऊन जमिनी घेतल्या. ज्यांचे रान त्यात गेले त्यांच्या हाती मोठी रक्कम आली. पण हा रस्ता प्रवेश-नियंत्रित आहे. त्याला लागून शेत असले तरी बांधावरून त्यावर चढता येत नाही; चढायचे तर इंटरचेंजपर्यंत जावे लागते. त्यामुळे इंटरचेंजच्या जवळची जमीन आणि दोन इंटरचेंजच्या मधली जमीन यांचे नशीब वेगवेगळे असते. काही ठिकाणी तर रस्त्याने शेताचे दोन भाग झाले आणि पलीकडच्या तुकड्यात जायला बोगद्यापर्यंतचा फेरा पडला. दलाल मात्र दोन्हीकडे ‘समृद्धी टच’ असेच सांगतो.

शहरांभोवतीच्या भावाची आणखी एक चावी आयकरात आहे. शहराच्या हद्दीतली किंवा तिच्या ठरावीक अंतरातली शेतजमीन विकली, तर नफ्यावर कर लागतो. पण तो पैसा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या शेतजमिनीत घातला तर सवलत मिळते. म्हणून पुण्याच्या वेशीवर विकलेल्या जमिनीचा पैसा दौंड, शिरूर, पुरंदरकडे शेतजमीन शोधत निघतो. कांद्याचा भाव पडलेला असतानाही शिवाराचा भाव का चढतो, याचे एक उत्तर यात आहे. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी वेगळी वाट धरली. सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून, सतीश मगर यांच्या पुढाकाराने, त्यांनी स्वतःच वसाहत उभी केली आणि वाढत्या किमतीतला वाटा आपल्याकडे ठेवला. अशी उदाहरणे अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

‘जमिनीचा भाव कधी पडत नाही’ हे वाक्य तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. आयोवात १९८१ साली एकराला सरासरी २,१४७ डॉलर भाव होता; १९८६ मध्ये तो ७८७ डॉलरवर आला. व्याजदर चढले, धान्याची निर्यात घटली आणि चढ्या भावाच्या तारणावर कर्ज काढून आणखी जमीन घेतलेली कुटुंबे त्यात बुडाली. इतके लांब जायचे नसेल, तर अमरावतीकडे पाहावे. विदर्भातली नव्हे, आंध्र प्रदेशातली. २०१४ नंतर तिथे राजधानी ठरली, ३० हजार एकरांहून जास्त जमीन शेतकऱ्यांनी योजनेत दिली आणि भोवतालचे भाव भडकले. २०१९ मध्ये सरकार बदलले, तीन राजधान्यांची घोषणा झाली आणि गिऱ्हाईक नाहीसे झाले. २०२४ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाला, तसे भावही हलले. या दहा वर्षांत तिथली माती तीच होती.

आपल्याकडे भाव पडतो तेव्हा तो आकड्यात दिसत नाही. व्यवहारच थांबतात. विकणारा जुन्या भावावर अडून बसतो, घेणारा फिरकत नाही, आणि गाव म्हणते, भाव टिकून आहे. कर्जासाठी किंवा लग्नासाठी ज्याला खरोखर विकावे लागते, त्यालाच खरा भाव कळतो. उलट बाजूने, चढत्या काळात एकाच मोठ्या व्यवहाराचा बोलबाला होऊन तो साऱ्या शिवाराचा भाव ठरतो. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच व्यवहार होणाऱ्या गावात सरासरी कसली काढणार?

राहिला शेवटचा आणि सर्वात दुखरा समज: भाव वाढला, शेतकरी श्रीमंत झाला. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्याशा रानावर जगणाऱ्याला शेजारचा एकर घेऊन शेती वाढवायची असेल, तर वाढलेला भाव त्याच्या वाटेतली भिंत ठरतो. पीककर्जही जमिनीच्या भावावर मिळत नाही. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज, हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. एकर पाच लाखांचा असो की पन्नास लाखांचा, सोयाबीनचे पीककर्ज तेवढेच.

भाव वाढला की एक कागद मात्र जास्त निघतो: हक्कसोड पत्र. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही रानाला मोठा भाव आला की बहिणींना सहीसाठी बोलावणे जाते. कोरडवाहू रान पडून असताना ज्या सहीची कोणाला आठवण नव्हती, तिच्यासाठी आता भाड्याची गाडी करून आणले जाते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसवले जाते, आणि मोबदल्याच्या रकान्यात काही नाही असे लिहिले जाते. त्या दिवशी एकराचा भाव काय होता, हे तिला बहुतेक वेळा कोणी सांगितलेले नसते.