मुलांची सहाव्या वर्षीची दाढ

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवणाची काडी वापरण्याची अनुज्ञा दिल्याचा उल्लेख आहे. तोंडाला दुर्गंधी येत नाही, अन्न रुचकर लागते, असे तिचे लाभ तेथे सांगितले आहेत. असा वारसा असूनही खेड्यातील आपल्या शाळकरी मुलांच्या किडलेल्या दाढा पाहिल्या की आम्हांस वाईट वाटते.

दात किडतो तो अळीमुळे नव्हे. तोंडातील जंतू गोड अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कठीण कवच विरघळवते. एकदा गोड खाल्ले की हे काम सुमारे अर्धा तास चालते. दिवसातून पाच-सहा वेळा गोळ्या, बिस्किटे, गोड चहा घेणाऱ्या मुलाच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

"दुधाचा दात आहे, पडेल," असे आपण म्हणतो. येथेच घात होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे वर दोन व खाली दोन नव्या दाढा येतात. त्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे घरात कळत नाही. या दाढा कायमच्या असतात. गेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यांच्या खोल खाचांत अन्न अडकून त्या लवकर किडतात. मग ठणक्याने झोप जाते, जेवण तुटते, शाळा बुडते.

उपाय साधे आहेत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी वाटाण्याएवढी फ्लोराईडयुक्त पेस्ट घेऊन मऊ ब्रशने दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी घासून द्यावेत. राखुंडी व कोळशाने दात झिजतात. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ साली बंदी आली, तरी घरी भाजलेली मिसरी सुटलेली नाही. आई लावते ते पाहून मुलगीही लावते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत मुलांची तपासणी होते. पथकाने चिठ्ठी दिल्यास मुलाला रुग्णालयात अवश्य न्यावे.

विहारात वंदनेला येणाऱ्या मुलांच्या मागच्या दाढा उजेडात पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे. काळा ठिपका वा खड्डा दिसल्यास दंतवैद्यास दाखवावे. वेळीच दाढ भरली तर ती वाचते. बाबासाहेबांनी शाळेची वाट मोकळी केली. दातदुखीने ती अडू नये, एवढे तरी आपण पाहू या.