स्वतःला ओळखा

आपणांस काय ठाऊक आहे, हे सांगावयास प्रत्येकालाच आवडते. परंतु आपणांस काय ठाऊक नाही, असा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. मुलांनो, हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, हे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील एका थोर पुरुषाने ओळखले. त्याचे नाव सॉक्रेटिस.

सॉक्रेटिस हा अथेन्स नगरीचा रहिवासी. त्याचा पिता पाथरवट होता. सॉक्रेटिसाने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे विचार आपणांस कळतात, ते मुख्यतः त्याचा शिष्य प्लेटो याच्या लिखाणावरून.

त्या काळी ग्रीसमध्ये डेल्फी येथे अपोलो देवाचे प्रसिद्ध मंदिर होते. ‘स्वतःला ओळख’ अशा अर्थाचे शब्द त्या मंदिरावर कोरलेले होते. देवाचा कौल घेण्यासाठी लोक तेथे दूरदूरहून येत. सॉक्रेटिसाच्या एका मित्राने तेथे जाऊन विचारले, की सॉक्रेटिसाहून शहाणा असा कोणी आहे काय? कोणी नाही, असा कौल मिळाला.

हे ऐकून दुसरा एखादा हुरळून गेला असता. सॉक्रेटिस मात्र बुचकळ्यात पडला. कौलाची परीक्षा पाहण्यासाठी तो राज्यकारभार करणाऱ्या पुढाऱ्यांकडे गेला, कवींकडे गेला आणि शेवटी कारागिरांकडे गेला. कारागिरांना आपापले काम खरोखरच उत्तम येत होते. परंतु एका कामात आपण प्रवीण आहोत, म्हणून इतर मोठ्या गोष्टीही आपणांस कळतात, अशी त्यांची समजूत होती. तेव्हा सॉक्रेटिसाला कौलाचा अर्थ उलगडला. आपणही अज्ञानी आहोत, पण आपले अज्ञान आपणांस ठाऊक आहे. आपले शहाणपण काय ते एवढेच, असे त्याने जाणले.

पुढे तो लोकांना प्रश्न विचारीतच राहिला. पुष्कळांना ते रुचले नाही. इसवी सनापूर्वी ३९९ या वर्षी, तो सत्तरीचा असताना, तो तरुणांना बिघडवितो आणि नगराच्या देवांना मानीत नाही, असा आरोप ठेवून त्यास देहान्ताची शिक्षा देण्यात आली. मित्रांनी पळून जाण्याची व्यवस्था केली असतानाही तो गेला नाही. त्याने शांतपणे विषाचा पेला घेतला. नुसते जगणे आणि चांगले जगणे यांत तो भेद करी. जो स्वतःची पारख करीत नाही, तो चांगले जगू शकत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

ही कथा दूरच्या देशातील व जुन्या काळातील आहे. तिचे मर्म नीट कळावे, म्हणून आता आपण मराठवाड्यात येऊ.

लातूर जिल्ह्यात, तेरणा नदीच्या परिसरात किल्लारी हे गाव आहे. येथील गवंडी पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीच्या रुंद भिंती रचीत, आणि त्यांवर लाकडी तुळया टाकून मातीचे जाड माळवद घालीत. अशी घरे उन्हाळ्यात थंड राहत. गवंड्यांचे हे ज्ञान खरे होते. भूमी हादरली, तर याच भिंतींचे काय होईल, हा प्रश्न मात्र कोणास पडला नव्हता. त्यांचा तरी काय दोष? दख्खनचे पठार स्थिर आहे, असे विद्वानही मानीत. १९६७ साली कोयनेला मोठा भूकंप झाला होता. १९९२ साली किल्लारीच्या आसपास लहान धक्केही बसले होते. तरीही भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा म्हणूनच दाखविलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी येथे प्रचंड भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून लोक झोपी गेले होते. भिंतींच्या आतील व बाहेरील बाजूंचे दगड एकमेकांत गुंतविलेले नव्हते. भिंती फुटल्या आणि माळवदाचा भार निद्रिस्त माणसांवर कोसळला. या भागातील सुमारे ८,००० ते १०,००० माणसे प्राणांस मुकली.

भूकंप केव्हा होईल, हे आजही कोणास सांगता येत नाही. पण घर कसे बांधावे, हे मनुष्याच्या हाती आहे. या आपत्तीनंतर शास्त्रज्ञांनी आपली समजूत तपासली. २००२ साली नकाशा सुधारून किल्लारीचा परिसर अधिक धोक्याच्या विभागात घालण्यात आला. अनेक गावे नव्या जागी वसली. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवावे, दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घालावा, हे गवंडी शिकले. त्यांनी जुने ज्ञान टाकून दिले नाही. त्याची मर्यादा ओळखून त्यात भर घातली.

मुलांनो, वर्गात गुरुजी ‘समजले काय?’ असे विचारतात, तेव्हा न समजताही आपण पुष्कळदा इतरांबरोबर मान डोलावतो. अशा वेळी उभे राहून ‘मला हे समजले नाही’ असे म्हणावयास धैर्य लागते. हे धैर्य ज्याच्या अंगी आले, त्याच्या शिक्षणास खरा आरंभ झाला, असे समजावे.