वेशीवरचा वीर धुण्याचा दगड झाला

मंडळी, गावच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ किंवा पडक्या महादेवाच्या देवळापाशी एखादा उभा कोरीव दगड असेल. कोणी त्यावर धुणं आपटतं, कोणी विळा घासतं. तो एकदा नीट, खालून वर बघा. तळाला पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असल्या तर गडी गुरं राखताना कामी आला म्हणायचा. वर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहावी. हा वीरगळ. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई आहे!

सरपंच मंडळींनी ग्रामसभेत विषय घ्यावा. दगड हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. वर पत्रा आणि शेजारी चार ओळींचा फलक, एवढं पुरे. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, तेव्हा मनाने कुणाचं नाव चिकटवू नका. दगडावर दिसतं तेवढंच लिहा. आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. नक्षी बुजते, अक्षरं असलीच तर तीही जातात.